काचेचं दुसरं टोक

शाळेची लांब भिंत संपली, औषधांचं दुकान मागे पडलं, आणि उतार लागायच्या जरा आधी भावजयीला नणंदेच्या पाठीवर ओल दिसली.

कमरेचा रुंद पट्टा जिथे संपत होता त्याच्या खाली, फिकट निळ्या सदऱ्यावर, अंगठ्याएवढा डाग. सकाळची वेळ, हवा गार. मानेवर घाम नव्हता, खांद्यावर नव्हता, मग नेमका तिथेच कुठून आला? पण तोंडातून ब्र निघाला नाही. चालताना बोलायचं नाही असा दोघींचा दंडक होता, आणि तो ह्या आजारपणाहून फार जुना होता.

पुढे चालत होती तिला सगळा बाजार काचताई म्हणायचा. वडिलांचं काच-आरशांचं दुकान तिने एकटीने चालवलं. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "रोज एवढी माणसं माझ्या आरशात तोंड बघून जातात. ती तोंडं मीही बघतेच की. म्हणून तर नाही केलं." खिडक्यांची तावदानं, कपाटांचे दरवाजे, न्हाव्याच्या दुकानातले भिंतभर आरसे, सगळं ती स्वतः मापायची, स्वतः कापायची, स्वतः बसवायची.

धाकटा भाऊ एकाएकी गेला तेव्हा त्याची बायको घरात कोपरा धरून बसली. लोक आले, डोळे पुसून गेले. काचताईने सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. एके सकाळी कातड्याचे हातमोजे तिच्या मांडीवर टाकले आणि म्हणाली, "भिंतीकडे बघून भिंत बोलत नाही. ऊठ, काचेचं दुसरं टोक धर."

तेव्हापासून नणंद पुढे, भावजय मागे. म्हणून भावजयीचं नाव पडलं शेपूट. ठेवलं नणंदेनेच, पण दुसऱ्या कुणी त्या नावाने हाक मारली की तिच्या कपाळाला आठी पडायची. हे कौतुकाचं नाव तिने स्वतःपुरतं राखून ठेवलं होतं.

मोठी काच दोघींनी उभी धरून न्यायची असते. हातगाडीवर घातली तर खड्ड्याखड्ड्याला हादरा बसतो, म्हणून जवळपासचं सगळं काम पायीच. पुढचीला रस्ता दिसतो. मागचीला दिसते फक्त पुढचीची पाठ. पुढचीने सांगायचं, "चल", "थांब", "डावीकडे". मागचीला एकाच शब्दाची मुभा, "टेकव". तो कानावर पडला की काच तिथल्या तिथे खाली टेकवायची. का आणि कशाला ते नंतर विचारायचं. बाकी वाटेत गप्पा नाहीत, हसणं नाही, शिंकसुद्धा दाबता आली तर दाबायची. "भार हातात असला की तोंडाला कुलूप," काचताई म्हणायची. "बोलायचं ते काच भिंतीला लागल्यावर बोल. तोवर तुझं घर जळत असलं तरी मला सांगू नकोस."

आणि खरोखरच इतक्या वर्षांत दोघींच्या हातून मोठी काच एकदाही फुटली नव्हती. एवढ्या बाबतीत काचताईला गर्व होता, आणि तो ती लपवत नसे.

फुटली ती तिची पाठ. एकदम नाही, हळूहळू. आधी डाव्या पायात मुंग्या, मग रात्री कूस बदलताना कळ, मग एक दिवस दुकानाची पायरी चढताना पायच उचलेना. पहिलं ऑपरेशन झालं. कण्याच्या दोन मणक्यांमध्ये स्क्रू आणि सळ्या घालून ते एकत्र बांधले. सहा-आठ महिने बरं वाटलं. मग तीच कळ परत आली. फोटो काढला तर एक स्क्रू सैल. मणके एकमेकांना धरलेच नव्हते. डॉक्टर म्हणाले, "ह्यात कुणाची चूक नाही. कधीकधी हाड धरत नाही. आधीच्याच जागी पुन्हा उघडावं लागेल, जुने स्क्रू काढून जाड घालावे लागतील, कमरेचं थोडं हाड तिथे बसवावं लागेल."

काचताईने ऐकून घेतलं. घरी येताना गाडीत एवढंच बोलली. "लाकूड भुसभुशीत असलं की खिळा हलतो. कळलं मला. पण नीट ऐकून ठेव. हे दुसरं. तिसऱ्यांदा मी त्या टेबलावर चढणार नाही. मग आडवी तर आडवी, पडून राहीन जन्मभर."

"असं अभद्र बोलू नये, ताई."

"अभद्र कसलं? एका रेघेवर हिरकणी दोनदा फिरवतात का? तुला काय शिकवलंय मी?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. हिरकणी म्हणजे काच कापायचं टोकदार हत्यार. काचेवर ते एकदाच, सलग ओढायचं. रेघ चुकली तरी तिच्यावरून पुन्हा ओढायचं नाही. ओढलं तर काच रेघ सोडून वाटेल तशी जाते. भावजयीला हे पाठ होतं.

दुसरं ऑपरेशन झालं आणि घराचं रूप पालटलं. पलंग खिडकीशी आला. वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही. कुशीवर वळायचं तर खांदा आणि कंबर एकदम, ओंडका लोळवावा तसं. खाली पडलेली वस्तू उचलायला लांब चिमटा. चपला भावजयीने घालायच्या. काचताईला हे जन्मात कुणाकडून करून घ्यायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी ती छताकडे बघत म्हणाली, "दुखणं हत्तीच्या पावलानं येतं नि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात ना? माझी मुंगी वाटेत साखर बघून थांबलेली दिसतेय."

पण दुकान थांबलेलं नव्हतं, आणि तिथे आता भावजय एकटी होती. लहानसहान तावदानं तिला कापता यायची, मोठ्या काचेपुढे मात्र हात थरथरायचे. मग दोघींनी एक युक्ती काढली. भावजय फोन काचेजवळ ठेवायची. तिकडे काचताई पलंगावर उताणी, फोन छातीवर, डोळे मिटलेले. हिरकणी ओढली की आवाज ऐकायची. कोरं कापड फाडावं तसा सलग आवाज आला की म्हणायची, "झालं. मोड आता." मध्येच आवाज तुटला की म्हणायची, "दाब कमी पडला. पुढं जाऊ नकोस, मागंही जाऊ नकोस. श्वास घे. तिथंच दोघी जरा थांबू." ते "दोघी" ऐकलं की भावजयीचा हात स्थिर व्हायचा. संध्याकाळी घरी येऊन ती ताईंच्या पायाला तेल चोळायची, तेव्हा काचताई आज कापलेल्या काचा एकेक करून विचारायची, आणि तेल लावून घेतल्याचं अवघडलेपण त्या बोलण्यात बुडवून टाकायची. कुणी कुणाला सांभाळत होतं, ते सांगणं कठीण होतं.

एका बाबतीत मात्र काचताई हटून बसली होती. पाठ दाखवायची नाही. जखमेची पट्टी बदलायला नर्स यायची तेव्हा भावजयीने बाहेर जायचं. टाके निघाले, नर्सचं येणं थांबलं, तरी अंग पुसताना पाठीकडची बाजू ती स्वतःच ओल्या फडक्याने कशीबशी टिपायची. "मला न दिसणारी जागा दुसऱ्यानं बघायची नाही," असं तिचं म्हणणं. भावजयीने दोनदा विषय काढला, दोनदा ऐकून घेतलं, मग सोडून दिला.

आणि चालणं सुरू झालं. आधी पलंग ते खिडकी, मग जिना, मग कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब. पहिल्याच दिवशी काचताई पुढे उभी राहिली, भावजय आपसूक मागे गेली, आणि काचताई म्हणाली, "आता काच मीच आहे असं समज. बोलायचं नाही." दोघी हसल्या. पण दुसऱ्या दिवसापासून ती थट्टा राहिली नाही, पद्धत झाली.

आज पहिल्यांदाच घर ते दुकान. काचताईने पहाटेच जाहीर केलं होतं, "दाराला हात लावून यायचं." भावजयीने देवापुढे दिवा लावताना तेवढंच मागितलं होतं.

आता उतारावर तो डाग तळहाताच्या खोलगट भागाएवढा झाला होता.

तिला एकेक गोष्ट आठवू लागली. काल दुपारी ताईंनी उन्हाच्या वेळी पांघरूण मागितलं होतं. चहा अर्धा तसाच ठेवला होता. तापमापक नेहमी डबीत टोक आत करून ठेवलेला असतो, तो आज सकाळी उलटा दिसला होता. कुणीतरी काढला होता आणि घाईने परत ठेवला होता. घरात तिसरं माणूस नव्हतं. घरी सोडताना डॉक्टरांनी दोघींच्या तोंडावर सांगितलं होतं, "एकाच जागी दोनदा उघडलंय. ती जागा सावकाश भरते. ओल दिसली, ताप आला, तर दिवसभरही वाट बघू नका. आतल्या धातूला जंतू चिकटले तर सगळंच काढावं लागतं."

सगळंच काढावं लागतं, म्हणजे तिसरं.

ओरडावं तर ताई दचकून मागे वळणार, आणि कमरेतून वळणं म्हणजे घात. इथे उतारावर टेकायला काही नाही. खाली वाचनालयाचा कट्टा होता, बरोबर कमरेच्या उंचीचा. तिथपर्यंत न्यायचं. भावजय मनातल्या मनात नाम घेत चालू लागली, एका पावलाला एक. नजर त्या डागावरून हटत नव्हती.

काचताई मात्र आज खुशीत होती. मान ताठ, पाऊल आखूड पण ठाम. उताराच्या शेवटी कुलूपवाल्याचं दुकान लागलं. तो किल्ली घासता घासता ओरडला, "काय काचताई, आज रिकाम्या हातानं मिरवणूक?"

"रिकाम्या कसल्या? ही शेपूट आहे ना मागं!"

"पाठीत सगळं लोखंड घातलंय म्हणे. किल्ली हरवली तर माझ्याकडे या हो!"

"तुझ्याकडं आले तर कुलूपच बदलून देशील, मेल्या."

ती हसली, आणि हसताना एक क्षण तिने डावा हात मांडीवर दाबला. कुलूपवाल्याला दिसलं नाही. मागचीला दिसलं.

कट्टा आला.

"टेकव," भावजय म्हणाली.

काचताई जागच्या जागी थांबली. सवयीने तिचे दोन्ही हात जरा खाली आले, त्यांत काच असावी तसे. मग तिने एक हात कट्ट्यावर ठेवला, दुसरा ठेवला, हळूच टेकली. का म्हणून विचारलं नाही. नियम तिनेच केला होता. मग म्हणाली, "टेकवली. आता बोल."

"पाठीवर ओल आहे, ताई. जखमेच्या जागी."

"घाम असेल."

"घाम नाही."

"तुला काय ठाऊक?"

"मागं मी असते. तुमची पाठ सोडून मला दुसरं काही दिसतच नाही."

काचताईने मान वर केली. समोर, चार दुकानं सोडून, तिच्या दुकानाची पाटी दिसत होती. "तेवढं दार शिवू दे," ती म्हणाली. "पाच मिनिटं लागतील. मग नेशील तिकडं येते."

"नाही."

"नाही?" काचताईने डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. "शेपटाला शिंगं फुटलेली पहिल्यांदा बघतेय."

"फुटू देत. ताप कधीपासून आहे?"

कुलूपवाला काम सोडून बघू लागला होता.

"ताई, कधीपासून?"

"परवा संध्याकाळपासून."

"आणि सांगितलं नाहीत!"

"सांगतात का?" काचताईचा आवाज एकदम चढला. "भार हातात असताना सांगतात का? म्हटलं, एकदा दुकानापर्यंत पोचवू. भिंतीला टेकली की बोलू."

भावजय बघतच राहिली. ही बाई परवापासून तापात होती, आणि काच अर्ध्या वाटेवर आहे म्हणून गप्प होती. राग यावा की रडू यावं हेच तिला कळेना. बरं, स्वतः तरी तिने काय केलं होतं? ओल दिसल्यावर अख्खा उतार तीही तोंडाला कुलूप लावूनच उतरली होती, आणि काल पांघरूण दिलं तेव्हाही विचारलं नव्हतं.

"कुलूपवाले दादा," ती वळून ओरडली, "गाडी बोलवा हो! लवकर!"

दवाखान्यात काचताईला कुशीवर झोपवून आत नेलं. भावजय दाराबाहेरच्या बाकावर बसली. बाकाची एक कड निखळलेली होती आणि ती बोटाने तीच चाळवत राहिली. रक्त घेऊन गेले. फोटोला नेलं, आणलं. दार उघडलं की ती उठायची, आणि आपल्यासाठी नाही असं कळलं की परत बसायची. नाम घेता घेता मध्येच विसरायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. देवाला काय मागावं हेही ठरेना. ओल वरवरची असू दे म्हणावं, की ताईंना सुबुद्धी होऊ दे म्हणावं? शेवटी तिने दोन्ही मागितलं. त्याला काय जड आहे?

डॉक्टर बाहेर आले. "स्क्रू जागच्या जागी आहेत. ही चांगली गोष्ट. पण जखमेखाली पाणी साचलंय. ते वरच्या थरात आहे की खालपर्यंत गेलंय, ते उघडून धुतल्याशिवाय सांगता येणार नाही. आज दुपारीच करायला हवं. वरच्या वर असलं तर धुऊन बंद करू. खाली गेलं असलं तर…" ते थांबले. "तुम्ही वेळेवर आणलंत. पण त्या नाही म्हणताहेत. सहीच करेनात. तुम्ही बघा बोलून."

खोलीत काचताई कुशीवर, तोंड भिंतीकडे. भावजय पलंगाच्या पलीकडे गेली, भिंत आणि पलंग यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत शिरली आणि तिच्या तोंडासमोर खाली जमिनीवरच बसली.

"सांगितलं ना तुला," काचताई म्हणाली. "तिसऱ्यांदा नाही."

"हो. सांगितलं होतंत."

"मग कशाला आलीस?"

"बसायला."

पलीकडे कुणाच्या तरी स्टँडची चाकं कुरकुरत गेली.

"एका रेघेवर…" तिने सुरू केलं.

"हिरकणी दोनदा फिरवत नाहीत. ठाऊक आहे मला," भावजय म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय." तिने पलंगाच्या कडेवर पडलेला काचताईचा हात आपल्याकडे ओढला आणि उलटा केला. तळहातावर, बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या मुळाशी पांढऱ्या बारीक रेघा होत्या. काही जाड, काही केसासारख्या, एकावर एक गेलेल्या. "हा कसा झाला?"

"हा? न्हाव्याच्या आरशाचा. कोपरा निसटला."

"आणि हा?"

"तो लहानपणचा. बाबांची नजर चुकवून हिरकणी घेतली होती."

"त्याच्यावरून हा दुसरा गेलाय."

"गेलाय."

"आणि त्याच्यावरून हा तिसरा." भावजयीने बोट ठेवलं. "ह्यातला कुठला उघडा राहिला, ताई?"

काचताई स्वतःच्या हाताकडे बघत राहिली.

"काच भरून येत नाही," भावजय म्हणाली. तिने आवाज खाली ठेवला. "म्हणून तिच्यावर दोनदा चालवायचं नाही. अंग भरून येतं. देवानं तेवढी सोय केलीय. तुम्ही म्हणालात, आता काच मीच आहे असं समज, आणि मीही वेड्यासारखी समजत बसले. तुम्ही काच नाही आहात. नाहीतर मी इतके दिवस तेल कशाला चोळलं असतं?"

मग काचताईच्या पोटातून एक हुंदका आला की हसू आलं, ते कळलं नाही. "तेलाचा हिशेब काढतेयस माझ्याशी."

"काढणारच."

"खाली गेलं असलं तर? धातूपर्यंत?"

"तर ते काढतील. मग आपण परत पलंग ते खिडकी करू."

"आणि परत हाड धरलं नाही तर?"

खोटं बोलणं भावजयीच्या जिवावर आलं. "ते मला नाही ठाऊक, ताई," ती म्हणाली. "पण मोठी काच मी एकटीनं कापली तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. फोनवर कुणीतरी म्हणालं होतं, तिथंच दोघी जरा थांबू."

काचताईने डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाली, "कुठंय तो कागद?"

दुपारी तिला आत नेलं. भावजय त्याच बाकावर. दुपार सरत नव्हती. कुलूपवाला संध्याकाळी येऊन उभा राहिला. हातात काचेच्या दुकानाची किल्ली होती, सकाळच्या गडबडीत कट्ट्यावर राहिलेली. तो शेजारी बसून राहिला. एरवी एवढा बडबड्या माणूस, पण त्यालाही जागा कळली.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी आधी होकारार्थी मान डोलावली आणि मग बोलले, म्हणून बरं झालं. पाणी वरच्या थरातच होतं, धातूपर्यंत पोचलेलं नव्हतं. आणखी दोनतीन दिवस गेले असते तर पोचलं असतं. आता शिरेतून औषधं, रोज पट्टी, आणि काही आठवडे जखमेवर बारीक नजर. "नजर महत्त्वाची," ते म्हणाले. "ती जागा त्यांना स्वतःला दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून ऊन पलंगाच्या पायाशी आलं होतं. काचताईचा ताप उतरला होता. तोंड कोरडं, चेहरा पांढरा, पण जिभेला धार परत आली होती. चहा पिऊन झाल्यावर म्हणाली, "ह्याला चहा म्हणतात की कप धुतलेलं पाणी?" भावजय मनातल्या मनात देवाच्या पाया पडली.

मग नर्स पट्टीचं ताट घेऊन आली. पडदा ओढता ओढता म्हणाली, "नातेवाईकांनी जरा बाहेर थांबा."

भावजय उठली. पट्टीच्या वेळेला बाहेर जायची तिला सवयच झाली होती. पिशवी उचलली, पडद्याला हात लावला.

"शेपटे."

ती थांबली.

काचताई कुशीवर होती, तोंड भिंतीकडे. पट्टा काढलेला, पाठीवरून सदरा बाजूला केलेला. वळता येत नव्हतं, म्हणून ती भिंतीलाच बोलल्यासारखं बोलली.

"कुठं चाललीस? बस इथं. ह्या बाईंच्या शेजारी उभी राहा आणि नीट बघ. पट्टी कशी काढतात, कशी घालतात, शिकून घे. घरी गेल्यावर रोज तूच बघायचंस." तिने श्वास घेतला. "आणि जे दिसेल ते मला तिथल्या तिथं सांगायचं. चालताना दिसलं तर चालताना. मी चिडले, काहीबाही बोलले, तरी सांगायचं. सांगशील ना गं?"